पोह्यांवर केचप आणि ‘सॅक्रिलेज’ : इंग्रजी शब्दाचं मूळ घरबसल्या कसं खणायचं

डिसेंबरात पुण्याहून बहिणीची पोरं आली होती. इंदुरात पाहुणे आले की पहिल्या सकाळी पोहे-जलेबी, हे कोणी ठरवत नाही, ते असतंच. बाबा साडेसहाला मफलर गुंडाळून गेले आणि वाफेवरचे पोहे कागदात बांधून घेऊन आले, सेव वेगळी, जीरावनची, म्हंजे पोह्यांवर भुरभुरायच्या इंदुरी मसाल्याची, पुडी वेगळी, बारीक कांदा वेगळा, जलेबीच्या पुड्याला तुपाचे डाग. बशा मांडल्या, बाबांनी प्रत्येकाच्या बशीत स्वतःच्या हातानं जीरावन भुरभुरलं, आणि तेवढ्यात भाच्यानं फ्रीज उघडून केचपची बाटली काढली आणि पोह्यांवर लाल नागमोडी रेघ ओढली. कोणी काही बोललंच नाही. मग त्याची धाकटी बहीण, नववीतली, ती ओरडली, "दादा, दॅट इज सॅक्रिलेज!"

बाबांना शब्द एकदम आवडला. "काय म्हणाली ती? परत म्हण गं." आणि मग माझ्याकडे वळून, "तू शिकवतेस ना इंग्रजी, सांग बरं काय अर्थ."

मी शिकवते खरं, भंवरकुआंच्या बाजूला स्पर्धा परीक्षेवाली पोरं येतात माझ्याकडे, त्यामुळे गप्प बसणं शक्यच नव्हतं. मी ठोकून दिलं, "रिलिजनचा उलटा. धर्माच्या विरुद्ध काहीतरी." बाबा म्हणाले, "म्हंजे पाप? पाप तर सिन झालं. अधर्म?" मी हो हो केलं आणि चहा ठेवायला आत गेले. दुपारी बसून शोधलं तेव्हा कळलं की मी सांगितलं ते साफ चूक होतं, आणि जे खरं आहे ते पाप-अधर्मापेक्षा कितीतरी मजेशीर आहे. ते शोधताना जे जे केलं तेच इथे लिहितेय, म्हंजे तुम्हाला दुसरा कुठला शब्द खणायचा असेल तर असंच करता येईल. लॅटिन यायला पाहिजे असं काही नाही, मलाही येत नाही.

सगळ्यात आधी स्पेलिंग. हसू नका, अर्धी चोरी इथेच पकडली जाते. सॅक्रिलेज म्हंजे एस-ए-सी-आर-आय-एल-ई-जी-ई. आता त्याचं विशेषण, सॅक्रिलिजस, ते लिहून बघा. दहातली सात-आठ माणसं मध्ये ‘रिलिजस’ हा अख्खा शब्द घुसवतात, म्हंजे आर-ई-एल-आय-जी. मीपण घुसवला होता, काही वर्षांपूर्वी, भर क्लासात, फळ्यावर, मोठ्या अक्षरात, आणि मागच्या बाकावरचा धारकडचा एक मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, इसमें आय पहले आता है, ई बाद में." मी म्हटलं डिक्शनरी बघ, त्यानं मोबाईल काढून बघितली, आणि पूर्ण क्लासनं माझ्याकडे बघितलं. तर हो, आधी आय मग ई. रिलिजसमध्ये आधी ई मग आय. उलटं आहे, कारण हे दोन शब्द एकमेकांतून निघालेलेच नाहीत. उच्चारानं घोटाळा केला, जुनी पद्धत ‘सॅक्रिलीजस’ म्हणायची होती, पण रिलिजस शब्द तोंडात इतका बसलेला की लोक ‘सॅक्रिलिजस’ म्हणायला लागले आणि आता तोच उच्चार सर्रास चालतो. कानानं फसवलं की हात पण फसतो.

म्हणून शब्द खणायला घेताना त्याची शेपटं काढून टाका, शेवटचं ‘-अस’, ‘-नेस’, ‘-ली’ जे काय असेल ते, आणि मूळ नाम घेऊन बसा. मग ऑनलाइन एटिमॉलॉजी डिक्शनरी उघडा, फुकट आहे, जाहिरातींकडे लक्ष देऊ नका. विक्शनरी पण चालते. दोन्ही बघा, एकावर विसंबू नका. पानावर तुम्हाला इंग्रजीआधी जुनी फ्रेंच, तिच्याआधी लॅटिन अशी उतरंड दिसेल, जसं आपल्याकडे मराठीआधी प्राकृत आणि तिच्याआधी संस्कृत. सॅक्रिलेज इंग्रजीत साधारण 1300 च्या सुमारास जुन्या फ्रेंचमधून आला, आणि फ्रेंचमध्ये लॅटिनच्या ‘सॅक्रिलेगियम’ वरून. इथपर्यंत काही विशेष नाही. विशेष पुढे आहे, लॅटिन शब्दाची दोन शकलं केली की.

पहिलं शकल ‘साकेर’, म्हंजे देवाला वाहिलेलं. दुसरं ‘लेगेरे’. इथे थांबा, कारण माझ्या मते सगळा शब्द ह्या दुसऱ्या तुकड्यात आहे, आणि बहुतेक लोक पहिला तुकडा बघून खूश होऊन निघून जातात. इंग्रजी शब्दाचं मूळ शोधायचं असेल ना, तर त्यातलं क्रियापद शोधा, कोण काय करतंय ते कळलं की अर्थ आपोआप उभा राहतो.

लेगेरे म्हंजे वेचणे, गोळा करणे, उचलणे. त्याच्यावरूनच पुढे वाचणे, कारण अक्षरं वेचायची असतात. लेक्चर, लेसन, कलेक्ट, सिलेक्ट, इलेक्शन हे सगळे त्याच घरातले. (मराठीत वेचणे आणि वाचणे शेजारी शेजारी बसतात ते मात्र योगायोगानं हां, वाचणे हा वच् धातूचा, उगाच पूल बांधू नका.) आणि आपल्याकडे ‘उचलणे’चं जे होतं तेच लॅटिनमध्ये लेगेरेचं झालेलं. ‘त्यानं पिशवी उचलली’ म्हंजे उचलली, आणि ‘त्यानं दुकानातून पेन उचललं’ म्हंजे चोरलं. उचलेगिरी हा शब्द आपण ह्यातूनच केला. तर ‘सॅक्रिलेगस’ म्हंजे देवाचं उचलणारा. देवळातला चोर. बस्स. धर्माविरुद्ध बोलणारा नाही, नास्तिक नाही, उद्धट नाही, सरळ सरळ देवळातून भांडी, मूर्ती, दागिने पळवणारा माणूस.

मी हे बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग पोरानं काय चोरलं?" तेपण खरंच आहे, त्याच्याकडे येते.

पण त्याआधी एक खड्डा दाखवते ज्यात मी दुपारी स्वतः पडले. सॅक्रिलेजच्या शेवटी ‘लेज’ आहे, मग मला वाटलं प्रिव्हिलेज आणि कॉलेजपण ह्याच कुटुंबातले असणार, वेचणारे. नाही. प्रिव्हिलेजचं ‘लेज’ हे लॅटिन ‘लेक्स’, म्हंजे कायदा, त्यावरून. एका माणसापुरता केलेला कायदा तो प्रिव्हिलेज. कॉलेज हे ‘कोलेगा’वरून, म्हंजे बरोबर नेमलेला सोबती, आजचा कलीग, आणि तेपण नेमणूक-कायद्याच्या बाजूचं. व्हिलेजमध्ये तर एल-ए-जी-ई आहे, त्याचा विषयच सोडा. चार शब्द, ऐकायला एकसारखे, आणि सॅक्रिलेज एकटाच चोराच्या घरचा. शेपूट सारखं दिसलं की जोडून टाकायचं हे करू नका, प्रत्येकाचं पान वेगळं उघडा, दोन मिनिटं लागतात.

आता अर्थ सापडला म्हणून लगेच विश्वास ठेवायचा नाही. जुन्या माणसानं तो शब्द वाक्यात कसा वापरला ते बघायचं. ह्या शब्दाच्या बाबतीत नशीब चांगलं, कारण रोमचा वकील-वक्ता सिसेरो आहे. इसवीसनपूर्व 70 साली सिसिलीचा गव्हर्नर व्हेरेस ह्याच्यावर खटला चालला, ह्या व्हेरेसनं बेटावरची देवळं धुवून काढली होती, मूर्ती, हस्तिदंत, दिवे, जे हाताला लागेल ते. सिसेरो त्याच्याविरुद्ध भाषणात जोड्या लावतो, की हा साधा चोर नव्हे तर दरोडेखोर, आणि साधा सॅक्रिलेगस नव्हे तर देवाधर्माचा शत्रूच. बघा, तो ‘चोर’ आणि ‘सॅक्रिलेगस’ एकाच रांगेत बसवतोय. म्हंजे रोमन माणसाच्या कानाला हा शब्द गुन्हेगाराचा होता, पोलीस ठाण्यातला, कीर्तनातला नाही.

दुसरा पुरावा बायबलमधला. रोमकरांस पत्रात, दुसऱ्या अध्यायात 22 व्या ओळीत पौल विचारतो, की तुला मूर्तींचा इतका तिटकारा आहे ना, मग तू स्वतः ...? त्या रिकाम्या जागी मूळ ग्रीक शब्द आहे देवळं लुटणे. 1611 च्या किंग जेम्स बायबलात तिथे छापलंय ‘सॅक्रिलेज करतोस काय’. आजची इंग्रजी भाषांतरं उघडा, बहुतेकांत तिथे ‘देवळं लुटतोस काय’ असं सरळ लिहिलेलं. कारण आजच्या वाचकाला सॅक्रिलेज वाचून लुटणं आठवतच नाही, केचप आठवतो. एकच ओळ जुन्या आणि नव्या भाषांतरात शेजारी ठेवायची ही युक्ती फार कामाची आहे, शब्द कुठून कुठे सरकला ते डोळ्यांना दिसतं.

सरकला कसा? मधल्या काळात युरोपात चर्चच्या कायदेपंडितांनी शब्द रुंद केला. देवाची वस्तू पळवली तर सॅक्रिलेज, तसं देवाच्या जागेत मारामारी केली तरी सॅक्रिलेज, देवाला वाहून घेतलेल्या माणसावर हात टाकला तरी सॅक्रिलेज. वस्तू, जागा, माणूस, तिन्ही. मग चोरीची अट गळून पडली आणि उरला पवित्र गोष्टीचा अपमान, हाच आजचा अर्थ. पण चोरीचा वास पूर्ण गेला नाही हां. इंग्लंडात आठव्या हेन्रीनं 1536 ते 1541 ह्या काळात मठ बंद करून जमिनी ताब्यात घेतल्या आणि दरबाऱ्यांना वाटल्या-विकल्या. पुढे हेन्री स्पेलमन नावाच्या एका इतिहासाच्या माणसानं घराणी मोजत मोजत पुस्तक लिहिलं की बघा, ज्यांनी ज्यांनी मठांच्या जमिनी घेतल्या त्यांची वाट लागली, वंश बुडाले, जमिनी टिकल्या नाहीत. ते पुस्तक त्याच्या मरणानंतर 1698 मध्ये छापलं, आणि त्याच्या नावातच सॅक्रिलेज आहे. मी हे सांगितलं तर बाबांनी पेपर खाली ठेवला. "हे तर आमची आजी म्हणायची. देवाचं खाल्लेलं पचत नाही." त्यांच्या लहानपणी रामबागेत कोणीतरी मंडळाच्या वर्गणीतून घराला रंग लावला होता म्हणे आणि त्याच पावसाळ्यात भिंत पडली, ही गोष्ट आमच्याकडे दरवर्षी गणपतीत एकदा होतेच.

इंग्लंडच्या कायद्यात पण बघा. 1916 च्या चोरीच्या कायद्यात सॅक्रिलेज नावाचं वेगळं कलम होतं, प्रार्थनास्थळ फोडून आत गुन्हा करणे, म्हंजे घरफोडीचा थोरला भाऊ. 1968 च्या थेफ्ट अ‍ॅक्टनं ते काढलं. म्हंजे परवापरवापर्यंत हा शब्द तिथे चोरीच्याच फायलीत होता. उलट फ्रान्समध्ये दहाव्या शार्लनं 1825 मध्ये सॅक्रिलेजविरोधी कायदा आणला तो मुख्यतः विटंबनेसाठी, थेट मरणाची शिक्षा ठेवून, आणि 1830 मध्ये राजा गेला तसा तो कायदापण गेला.

आता सगळ्यात आवडता भाग, आपल्या भाषेत जोडी शोधणे. डिक्शनरी तुम्हाला ‘अपवित्रीकरण’ असा शब्द देईल. तो घेऊन कुठे जाणार, असं कोणी बोलतं का? मी काय करते, इंग्रजी शब्दाचा आजचा अर्थ बाजूला ठेवते आणि जुना अर्थ घेऊन मराठी-संस्कृतात शोधते. ‘देवाची मालमत्ता’ ह्याला आपल्याकडे अगदी नेमका शब्द आहे, देवस्व. मनुस्मृतीच्या 11 व्या अध्यायात आहे की जो लोभानं देवस्व किंवा ब्राह्मणाचं धन हडपतो तो परलोकात गिधाडांच्या उष्ट्यावर जगतो. गिधाडाचं उष्टं! ह्याच्यापुढे केचप काहीच नाही. तर सॅक्रिलेज म्हंजे मुळात देवस्व हडपणं. अडीच हजार किलोमीटर नाही, कितीतरी जास्त लांबच्या दोन समाजांना एकच गुन्हा सुचला आणि दोघांनी त्याला वेगळं नाव दिलं, साध्या चोरीत टाकलं नाही.

आणि इंदूरवाल्याला तर हे समजायला परदेशी जायचं कामच नाही. अहिल्याबाईंची गोष्ट आपल्या घराघरात सांगतात, की खासगीच्या खजिन्यावर तुळशीपत्र ठेवलं आणि ते धन देवाचं केलं, हुकुमावर आपलं नाव नाही, ‘श्री शंकर’. 1767 ते 1795 राज्य केलं, महेश्वरात बसून, आणि त्या पैशातून काशीपासून सोमनाथपर्यंत देवळं, घाट, धर्मशाळा. आता विचार करा, तुळशीपत्र ठेवल्यावर त्या खजिन्यातला एक रुपया जर कोणा कारकुनानं उचलला तर तो काय झाला? आदल्या दिवशी चोर, दुसऱ्या दिवशी सॅक्रिलेगस. रुपया तोच, खजिना तोच, फक्त वर एक पान. मी क्लासात आता हा शब्द असाच शिकवते आणि पोरं विसरत नाहीत, धार-देवासची पोरं तर अजिबात नाही.

पहिल्या शकलाकडे, साकेरकडे, थोडं वळून येऊ. शब्दाची भावंडं गोळा करायची असतात, त्यानं अर्थ पक्का बसतो. सेक्रेड, सॅक्रिफाइस (देवाचं करून टाकणे), कॉन्सिक्रेट वगैरे तर दिसतातच. पण एक भाऊ तुमच्या कपाटातल्या फायलीत असेल. मला दोन वर्षांपूर्वी कंबर धरली, स्कूटीवरून रोज खड्ड्यांतून जाणं, दुसरं काय, एमआरआय काढला, रिपोर्टात लिहिलं एल फाइव्ह, एस वन. ते एस म्हंजे सॅक्रम, माकडहाडाच्या वरचं त्रिकोणी हाड. ग्रीक वैद्यांनी त्याला ‘पवित्र हाड’ म्हटलं, लॅटिनमध्ये त्याचं भाषांतर झालं आणि तेच नाव आजपर्यंत चाललंय. म्हंजे इंदूरच्या रस्त्यांनी माझ्या पवित्र हाडाचं जे केलं ते खऱ्या अर्थानं सॅक्रिलेज. आणि अजून एक, साकेरचा अर्थ नुसता पवित्र नाही, शापितपण. रोमन कायद्यात एखाद्या माणसाला ‘साकेर’ ठरवलं की तो देवाच्या हवाली, त्याला कोणी मारलं तर खुनाचा गुन्हा नाही. सोवळं आणि वाळीत टाकलेलं, दोन्हीला हात लावायचा नाही, म्हणून शब्द एक. आपल्याकडे सोवळ्यातल्या आजीला शिवायचं नसतं आणि सुतकातल्या माणसालापण शिवायचं नसतं, तसंच काहीसं.

मग माझं ‘रिलिजनचा उलटा’ हे पूर्णच मातीत गेलं का? इथे एक गंमत आहे. रिलिजन शब्दाच्या मुळावर खुद्द जुन्या लोकांतच भांडण आहे. सिसेरो म्हणतो तो ‘रे-लेगेरे’वरून, पुन्हा पुन्हा वेचणे, विधी परत परत नीट बघणे. चौथ्या शतकाच्या सुरुवातीचा ख्रिस्ती लेखक लॅक्टँशियस म्हणतो छे, ‘रेलिगारे’वरून, बांधणे, देवाशी बांधलेला माणूस. सिसेरोचं मानलं तर रिलिजन आणि सॅक्रिलेज दोघांच्या पोटात तेच लेगेरे निघतं, उलटे नाहीत, चुलतभाऊ. बाबा म्हणाले, "वा, पुजारी आणि चोर एकाच घराण्यातले." मी म्हटलं हे बाहेर बोलू नका. तर असा वाद दिसला की दोन्ही बाजू लक्षात ठेवायच्या, जी ऐकायला छान तीच खरी असं धरून चालायचं नाही.

छान ऐकू येणाऱ्यावरून आठवलं. संध्याकाळपर्यंत आमच्या फॅमिली ग्रुपवर केचपचा फोटो गेलेला आणि एका काकांनी, मोठे आहेत, बोलता येत नाही, त्यांनी लिहिलं की हा शब्द संस्कृतच आहे, शक्र म्हंजे इंद्र, आणि लेज म्हंजे लाज, इंद्राला लाज आणणारं ते शक्रलाज. खाली बारा अंगठे. आता असं कोणी आणलं की भांडू नका, दोन प्रश्न विचारा मनातल्या मनात. एक, मधले टप्पे कुठे आहेत? शब्द संस्कृतातून निघाला तर लॅटिन, फ्रेंच ह्यांत कुठल्या रूपात दिसला? दोन, त्याच्या जुन्या वाक्यांत तो अर्थ बसतो का? व्हेरेसच्या खटल्यात इंद्राची लाज कुठे बसवणार? संस्कृत आणि लॅटिन एका आजीच्या नाती आहेत हे खरंच आहे, मातृ-मातेर, दश-देकेम दाखवता येतात, पण म्हणून प्रत्येक इंग्रजी शब्दाची पत्रिका इंद्राच्या दारात जुळत नाही. मी ग्रुपवर हात जोडलेला इमोजी टाकला आणि गप्प बसले.

आता सगळ्यात जास्त गोंधळ जिथे होतो ते, ह्या गल्लीत राहणारे बाकीचे शब्द. परीक्षेत हेच विचारतात, चार पर्याय देऊन. मी पोह्यांवरच सांगते, बाकी उदाहरणं डोक्यात राहत नाहीत.

भाचा बशी बघून म्हणाला असता, "काय आबा, पोहेच तर आहेत, एवढा काय सोहळा," तर तो इरेव्हरंट. मनात आदर नाही, धाक नाही, सूर हलका. ह्याच्या पोटात लॅटिन ‘व्हेरेरी’, धाकानं आदर करणे, त्याला नकार लावलेला. ह्यात वाईटच काही असतं असं नाही, कौतुकानंही म्हणतात. आपल्या रंगपंचमीच्या गेरीत, म्हंजे रंगाच्या मिरवणुकीत, राजवाड्यासमोर मिसाइलसारख्या पिचकाऱ्यांनी लहान-मोठा न बघता सगळ्यांना रंगवतात, बजरबट्टू संमेलनात भल्याभल्यांना सोंग घेऊन मिरवतात, ते इरेव्हरंट. कोणी रागावत नाही, रागावला तर त्यालाच जास्त रंग.

भाचा तोंडानं म्हणाला असता, "इंदूरचे पोहे बकवास असतात," तर ब्लास्फेमी. हा बोलण्याचा गुन्हा. ग्रीक शब्द, निंदा करणे, आणि हाच शब्द झिजत झिजत फ्रेंचमधून दुसऱ्या वाटेनं इंग्रजीत आला तो ‘ब्लेम’. एकच शब्द दोनदा आला, एकदा सोवळ्यात एकदा चपला घालून. मला हा शोध लागला तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगून आले, तिला काही फरक पडला नाही.

भाच्यानं जीरावनची पुडी उघडून साधं मीठ समजून आमटीत ओतली असती तर प्रोफेन. ‘प्रो’ म्हंजे समोर, ‘फानुम’ म्हंजे देऊळ, देवळाच्या बाहेर उभं असलेलं ते. देवळातलं अंगणात आणून टाकणं. ह्याच फानुमवरून फॅनॅटिक, अंगात आलेला, आणि फॅनॅटिक कापून 19 व्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बेसबॉलवाल्यांनी केला ‘फॅन’. होळकर स्टेडियमबाहेर उन्हात तिकिटासाठी उभे असलेले सगळे त्या अर्थानं देवळातले आहेत.

आयकॉनोक्लास्ट म्हंजे मूर्ती फोडणारा, अक्षरशः. आठव्या-नवव्या शतकात बायझंटाइन साम्राज्यात देवाच्या चित्रांवरून खरीखुरी तोडफोड झाली त्यावरून. आता रूढी मोडणाऱ्याला म्हणतात. भाच्यानं जर म्हटलं असतं की उद्यापासून पोह्यांबरोबर जलेबी बंद, तर तो.

आणि त्यानं प्रत्यक्षात केलं काय? पवित्र बशीला हात लावला, कृती केली. म्हणून भाचीचा शब्द एकदम बरोबर होता, सॅक्रिलेज हे करायचं असतं, नुसतं बोलून होत नाही. जीरावनची जागा केचपनं पळवली असं म्हटलं तर जुना चोरीचा अर्थपण बसतो, पण ते माझं आपलं ओढूनताणून.

वापरताना एकच सांभाळा. खाण्यापिण्यावर, क्रिकेटवर, जुन्या गाण्याच्या रिमिक्सवर हा शब्द थट्टेत छान बसतो, इंग्रजीवालेपण असाच वापरतात, चांगल्या चहात बर्फ टाकला की सॅक्रिलेज. पण आपल्याकडच्या इंग्रजी पेपरात हा शब्द गंभीर आहे. पंजाबच्या बातम्यांत सॅक्रिलेज म्हंजे गुरू ग्रंथ साहिबची बेअदबी, 2015 नंतर तर तो शब्द दर महिन्याला दिसायचा, हिंदी पेपरात त्याच जागी बेअदबीच लिहितात. लोकांचा जीव त्यात अडकलाय, तिथे पोह्यांचा विनोद करू नका. कायद्यातपण धार्मिक भावना दुखावण्याचं कलम, जुन्या दंडसंहितेतलं 295 ए, 1927 पासूनचं, आता न्यायसंहितेत 299 नंबरवर आहे. आणि मराठीत लिहिताना दर वेळी ‘सॅक्रिलेज’ लिहायची गरज नाही. प्रसंग बघा. खरी विटंबना असेल तर विटंबना लिहा, देवळाचे पैसे खाल्ले असतील तर देवाचं खाल्लं लिहा, आणि पोह्यांवर केचप असेल तर आमचे बाबा म्हणाले तसं, "घोर कलियुग रे भिया."

पोरं पुण्याला परत गेली, जाताना बाबांनी जीरावनचे दोन डबे दिले, एकावर भाच्याचं नाव लिहून. परवा त्याचा मेसेज आला, "मावशी, धाकटी मला सॅसी म्हणते, हा कुठून आला शोध ना." मी म्हटलं तूच शोध, क्रियापद बघ, शेपूट काढ. अर्ध्या तासानं उत्तर आलं. सॅसी म्हंजे अमेरिकेत बिघडलेला सॉसी, उद्धट, आणि सॉसी आला सॉसवरून, आणि सॉस लॅटिन ‘साल्सा’वरून, मीठ लावलेलं. खाली त्यानं केचपच्या बाटलीचा फोटो पाठवला आणि लिहिलं, "आबांना दाखव."